नाश्त्यानंतरची गोळी

प्रतापराव मोहित्यांच्या खापरपणजोबांनी होळकरांच्या फौजेत घोडं दौडवलं होतं, आणि ही गोष्ट सुदामा नगरात दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना पाठ होती. आता घराण्याची स्वारी म्हणजे एक जुनी स्कूटर. रिटायर झाल्यापासून नातीला, पलकला, तिच्यावरून शाळेत सोडायचं काम त्यांचं. काम कसलं, जीव होता त्यांचा त्यात. आणि तीच स्कूटर गेली.

गेली म्हणजे चोरीला नव्हे. किल्ली त्यांच्या सुनेनं, पूर्वानं, आपल्या कपाटात ठेवली. तिची काही चूक नव्हती हो. अन्नपूर्णा रोडच्या सिग्नलवर प्रतापरावांचा बसल्या बसल्या डोळा लागला, स्कूटर कलंडली, पलकचा गुडघा फुटला. आजूबाजूच्या गाड्या थांबलेल्या होत्या म्हणून निभावलं. "बाबा, तुमच्यावर राग नाही माझा, पण पलकला आता तुमच्याबरोबर नाही पाठवणार," पूर्वा म्हणाली. प्रतापरावांनी किल्ली तिच्या हातात ठेवली.

दिवसा असा डोळा लागायचा, कारण रात्री लागत नव्हता. खांद्यांच्या सुजेवर डॉक्टरांनी एक गोळी सुरू केली होती. खांदे सुधारले, हात वर जायला लागले, पण झोप पार पळाली. पलंगावर पडलं की डोकं टक्क जागं. बायको, इंदिराबाई, तळपायाला तेल चोळायच्या, जायफळ उगाळून द्यायच्या आणि जांभया देत शेजारी बसून राहायच्या. आपलं डोकं फिरत चाललंय, अशी धास्तीच प्रतापरावांनी घेतली होती.

शेवटी पूर्वानं दोघांना गाडीत घातलं आणि स्नेहलतागंजात त्याच डॉक्टर मधुरिमांकडे नेलं.

"मॅडम, यांना झोपेची गोळी द्या," पूर्वा म्हणाली.

"देऊ ना, पण पहले हे तर सांगा, खांद्याची गोळी कधी घेता, काका?"

उत्तर इंदिराबाईंनी दिलं. गोळ्यांचं खातं त्यांच्याकडे. "रात्री जेवणानंतर देते मी. तुम्ही नाश्त्यानंतर सांगितलेली, खाली पोट, उपाशी तर बिल्कुल नको म्हणालात. पण हे सकाळी काही खातच नाहीत ना! मग पोट भरलेलं असतं तेव्हा देते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "काकू, इथेच तर गडबड झाली. ही गोळी अंगाला जागं करते. रात्री घेतली की पुष्कळ लोकांची झोप उडते. झोपेची गोळी नकोच सध्या. आजची रात्रीची राहू द्या, उद्यापासून सकाळी, खाऊन. मनानं बंद मात्र करायची नाही, हां. आणि काका, नाश्ता सुरू करा."

"करतो की!" प्रतापराव झटकन म्हणाले.

झटकन का, ते सांगायलाच हवं. शुगर थोडी वाढली तेव्हा इंदिराबाईंनी सकाळचा दलिया सुरू केला होता. दलिया पाहून प्रतापरावांनी बाणेदारपणे जाहीर केलं, "आजपासून माझा नाश्ता बंद!" आणि फिरायला म्हणून जे निघाले ते थेट कोपऱ्यावर बंडूभियाच्या ठेल्यावर. वाफेवरचे पोहे, वर मूठभर शेव, बाजूला गरम जलेबी. रोज. इकडे इंदिराबाई म्हणाल्या, "तुम्ही उपाशी आणि मी खाऊ होय?" त्यांनीही नाश्ता सोडला. प्रतापराव बडीशेप चघळत घरी यायचे, आणि समोर बायको नुसत्या चहावर दुपार गाठायची. वाईट वाटायचं त्यांना, नाही असं नाही. पण खरं सांगायला जीभ रेटत नव्हती.

आज तर काही कबूल न करताच आयती सुटका झाली होती. तेवढ्यात इंदिराबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"माझ्यामुळे झालं सगळं. मीच शहाणपणा केला. यांची झोप घालवली, पोरीला पाडलं. उद्या काही बरंवाईट झालं असतं तर?"

पूर्वा सासूच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. प्रतापरावांना मात्र ते ऐकवेना.

"इंदिरा, रडू नकोस. तुझी चूक नाही. मी रोज नाश्ता करतो. बंडूभियाकडे."

इंदिराबाईंनी डोळ्यांवरचा पदर खाली केला.

"जलेबी पण?" डॉक्टरांनी विचारलं.

"थोडी."

"अरे काका! शुगर या गोळीनं वैसेही वाढते!"

डॉक्टर रागावत होत्या, प्रतापराव इंदिराबाईंकडे बघत होते. घरी पोचल्यावर दारात चपला काढताना इंदिराबाई म्हणाल्या, "म्हणजे मी उगाचच उपाशी राहिले."

"हो," प्रतापराव म्हणाले. "आणि मी ते बघत राहिलो. तू माझ्यासाठी रात्र रात्र बसलीस, इंदिरा, आणि मी हे केलं."

दुसऱ्या दिवशी टेबलावर दलियाच्या दोन वाट्या आल्या. प्रतापरावांनी गुपचूप संपवला, गोळी घेतली. झोप एकदम नाही आली, पण आली. मग अशी आली की "आजोबा घोरतात, मला अभ्यास होत नाही," अशी पलकची तक्रार सुरू झाली, आणि घरात सगळे हसले. त्या हसण्यानं प्रतापरावांचे डोळे भरून आले. देवापुढे हात जोडताना आधी बायकोची आठवण यावी, असं त्यांचं पहिल्यांदाच झालं.

सिग्नलला डुलकी लागत नाही याची पूर्वानं प्रतापरावांना स्कूटरवर आपल्या मागे बसवून पुरती खात्री केली. मग एका रविवारी किल्ली पुढे धरली. "आधी आईंना एक चक्कर मारून आणा, बाबा. त्यांनी पास केलं, तर उद्या पलक."

इंदिराबाई पदर खोचून मागे बसल्या. कोपऱ्यावर येताच खांद्यावर टकटक केली. "थांबवा."

बंडूभिया चकित. "अरे वा, आज भाभीजीही!"

"दोन पोहे. यांना शेव कमी, आणि जलेबीचं नाव काढायचं नाही," इंदिराबाई म्हणाल्या, आणि पर्समधून गोळी काढून हातात धरली.

पोहे आले. लग्न झाल्यापासून इंदिराबाईंनी नवऱ्याआधी घास घेतला नव्हता. प्रतापरावांनी आपली बशी ठेल्यावर ठेवून दिली.

"खा ना, गार होतील," त्या म्हणाल्या.

"आधी तू."

"अहो, लोक बघतायत."

"बघू देत. तुझं झाल्याशिवाय मी चमचा उचलणार नाही."

इंदिराबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि पहिला घास घेतला. मग दुसरा. भरल्या तोंडानंच गोळी नवऱ्याच्या तळहातावर ठेवली.

"खा आता, आणि घ्या ही," त्या म्हणाल्या. "उद्या शाळेत वेळेवर पोचायचंय पलकला."