उजवी बाजू

“बाई, उजवीकडे कोण बघणार होतं? तुमचे यजमान?”

परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी हे विचारलं तेव्हा हँडब्रेकची मूठ त्यांच्या हातात अजून घट्ट धरलेली होती. पाण्याचा टँकर व्हॅनच्या नाकासमोरून भोंगा वाजवत, चार शिव्या हवेत सोडत निघून गेला होता. स्टिअरिंगमागे ती बसली होती.

साहेब चिडून बोलले होते. पण ती इतकी घाबरली होती की तिने खरं तेच सांगितलं.

“हो.”

“काय हो?”

“उजवीकडे तेच बघतात. मी डावीकडे.”

साहेबांनी कानावरची पेन्सिल काढली. या पेन्सिलीवरूनच लायसनच्या रांगेत त्यांना पेन्सिलसाहेब म्हणत. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, थट्टा आहे का ते ताडलं, आणि मग कागदावर एक फुली मारली.

“पुढच्या वेळी यजमानांची मान पण घेऊन या,” ते म्हणाले आणि उतरले.

आता ही काय भानगड, ते सांगायला हवं. नवराबायकोची लाँड्री होती. दोन रुग्णालयांच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले सगळे यांच्याकडे धुवायला येत. सकाळी व्हॅन भरायची, पोचवायची, मळके गठ्ठे उचलून आणायचे. लाँड्रीचं पत्र्याचं शेड एका बोळाच्या टोकाला. बोळ इतका अरुंद की व्हॅनचा डावा आरसा दोनदा भिंतीला घासून फुटला, आणि तिसऱ्यांदा बसवायच्या फंदात नवरा पडलाच नाही. “आरसा कशाला? तू आहेस की,” असं म्हणून त्याने बायकोला शेजारी बसवलं. तेव्हापासून, म्हणजे लग्नाला चार-पाच वर्षं झाली होती तेव्हापासून, गाडी एक आणि ड्रायव्हर दीड असा संसार चालला. चौक आला की ती डावीकडे बघून म्हणायची, “मोकळं.” तो उजवीकडे बघायचा, म्हणायचा, “चल,” आणि गाडी निघायची. भांडण झालेलं असलं, अबोला असला, तरी हे दोन शब्द चुकले नाहीत. किंबहुना अबोला बहुतेक वेळा चौकातच मोडायचा.

मग नवऱ्याच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. हा आजार चोरासारखा येतो, कडेकडेने. समोरचं दिसत राहतं, पण बाजूचं जग कुणीतरी चादर गुंडाळावी तसं गुंडाळत जातं. लायसनच्या नूतनीकरणाला डोळे तपासले तेव्हा डॉक्टर म्हणाले, “काका, तुम्ही जगाकडे नळीतून बघताय.” गाडी त्या दिवसापासून बंद.

तेव्हापासून धुणं भाड्याच्या टेम्पोने जात होतं. टेम्पोवाला उशिरा यायचा, घडी घातलेल्या चादरींवर चपलांचे पाय ठेवून बसायचा. रुग्णालयाच्या मेट्रनबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, “मावशी, तुमचं काम चांगलं आहे म्हणून थांबलेय. पण माझे पेशंट उघड्या गादीवर झोपवू का? महिनाअखेरपर्यंत तुमची गाडी, तुमचा माणूस दिसला नाही, तर मी दुसरीकडे देणार.” टेम्पोवाल्याची नजर तर व्हॅनवरच होती. तो येता-जाता टायरला लाथ मारून बघायचा, जत्रेत बैलाचे दात बघतात तसा.

म्हणून पन्नाशी ओलांडल्यावर ती शिकाऊ झाली. व्हॅनला नवा डावा आरसा बसला. ड्रायव्हिंग स्कूलची एक पोरगी शिकवायला येऊ लागली. तिच्या लेकीच्या वयाची, पण जिभेने सासूच्या वयाची. ही तिला मास्तरीणबाई म्हणायची. क्लच, गिअर, चढावर गाडी धरणं, सगळं बायकोने पटापट उचललं. गाडीचा आवाज तिला पोटच्या पोरासारखा ओळखीचा होता. आणि तरी ती पहिल्याच परीक्षेत टँकरपुढे गेली.

घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो आधी पोट धरून हसला.

“मान घेऊन या म्हणाला? बरा आहे की गडी!” मग हसू ओसरलं. “पण अगं, तू उजवीकडे बघितलंच नाहीस?”

“तुमच्या वाटणीचं तुम्ही बघता ना.”

“मी कुठे होतो तिथे?”

तिलाही हे कोडंच होतं. मास्तरीणबाई सरावात ओरडायची, “काकू, उजवीकडे! उजवीकडे!” तेव्हा ती बघायची. ओरडा थांबला की मान आपली डावीकडे. देवळात गेल्यावर हात आपोआप जुळावेत, तसा चौक दिसला की डोळा डावीकडेच वळायचा.

“रविवारी मीच येतो सरावाला,” नवरा म्हणाला. “त्या पोरीला काय कळतंय आपल्या गाडीचं.”

रविवारी गोदामांच्या मागचे रस्ते सुनसान असत. मास्तरीणबाई म्हणाली, “काका, नियमाने पुढे मी बसायला हवं.”

“तू मागे बस. स्टूल टाकलंय. मी गाडी चालवत होतो तेव्हा तू पाळण्यात होतीस.”

“पाळण्यातल्यांना आता लायसन आहे काका. तुमचंच गेलंय.”

पोरगी बोलून गेली आणि जीभ चावली. पण नवरा हसला, म्हणाला, “तोंडाची गाडी मात्र ब्रेकशिवाय आहे हिची.” आणि पुढेच बसला, डाव्या सीटवर. आयुष्यात पहिल्यांदा. पट्टा कुठून ओढायचा हे त्याला सापडेना. तिने वाकून ओढून दिला.

गाडी छान चालली. तो खुशीत होता. “हलकं सोड क्लच... शाब्बास... बाळंतिणीला हात लावावा तसं.” एक चौक गेला, दुसरा गेला. तिसऱ्या चौकापाशी ती थांबली. डावीकडे पाहिलं.

“मोकळं,” ती म्हणाली.

“चल,” तो म्हणाला.

आणि ती निघाली.

मास्तरीणबाई मागून किंचाळली, ब्रेक लागला, स्टूल घसरून पोरगी गठ्ठ्यांच्या दोऱ्यांत जाऊन पडली. उजवीकडून आलेली एक बाई सायकलसकट रस्त्यावर बसली होती. व्हॅनचा धक्का लागला नव्हता. घाबरून तिचाच तोल गेला होता. हँडलची पिशवी फाटून बटाटे रस्ताभर पसरले होते.

“मेले असते की मी!” ती बाई ओरडली. “दोघं-दोघं पुढे बसून बघता काय, सिनेमा?”

नवरा आधीच उतरला होता. “लागलं नाही ना ताई? चूक आमची, आमचीच,” असं म्हणत तो वाकून बटाटे गोळा करू लागला. समोरचे दोन-तीन झटकन उचलले. मग हात रस्त्यावरून फिरू लागला, इकडे, तिकडे, अंधारात काडेपेटी शोधावी तसा. भर दुपारी.

“काका, ते काय, तुमच्या पायाशीच आहेत,” सायकलवाली म्हणाली. मग तिने त्याचा चाचपडणारा हात पाहिला. तिचा राग जागच्या जागी विरला. स्वतःच्या गुडघ्याची माती झटकत ती खाली बसली आणि एकेक बटाटा उचलून त्याच्या हातात देऊ लागली, जणू गोळा तोच करत होता.

स्टिअरिंगमागे बसलेली बायको हे काचेतून पाहत होती. डॉक्टर म्हणाले होते, कागदावर लिहिलं होतं, घरात वावरताना तो उंबऱ्याला ठेचकाळत होता. सगळं माहीत होतं. पण माहीत असणं आणि दिसणं यांत केवढं अंतर असतं! आता तिला दिसलं.

त्या संध्याकाळी शेडमध्ये दोघं चादरींच्या घड्या घालत होते. हे काम दोघांचंच. दोघांनी दोन टोकं धरायची, ताणायची, झटकायची, आणि चालत एकमेकांजवळ येऊन टोकाला टोक द्यायचं. त्याला यात डोळे लागत नव्हते. चादरच त्याला तिच्यापर्यंत आणायची.

“मला काही दिसलं नव्हतं,” तो म्हणाला.

“जाऊ द्या आता.”

“जाऊ कसं द्या? दिसलं नव्हतं तरी ‘चल’ म्हणालो. तू ‘मोकळं’ म्हणालीस आणि तोंडातून निघून गेलं. पोपटासारखं.” त्याने चादर झटकली. “त्या बाईच्या सायकलवर मागे पोर बसलेलं असतं तर?”

ती जवळ आली. टोकं त्याच्या हातात दिली, पण लगेच मागे गेली नाही.

“मीही बघितलं नाही. मला वाटलं तुम्ही...”

“तेच तर. मी शेजारी बसलो की तू बघणार नाहीस. मी नसलो तरी बघत नाहीस. मनातल्या मनात मला तिथे बसवून ठेवतेस.”

हे मात्र त्याने नेमकं ओळखलं होतं. उजवीकडे बघणं म्हणजे त्याच्या वाटणीचं उचलणं. आणि माणूस हयात असताना, समोर बसून जेवत असताना, त्याच्या पानातलं उचलायला तिचा हात धजत नव्हता.

“मग काय करू?” तिने विचारलं.

“देवाने मान दिलीय ती काय फक्त दागिने घालायला? फिरव की. आणि कुणी ‘चल’ म्हटलं म्हणून जाऊ नकोस. मी म्हटलं तरी नाही. मी म्हटलं तर मुळीच नाही.” तो थांबला. “तू माझ्यावर विश्वास ठेवलास, त्यात तुझं पाप नाही. पण तो ठेवायची जागा आता बदल.”

पुढची चादर तिने उचलली. त्याने टोक शोधून धरलं.

त्यानंतर तो सरावाला गेला नाही. ती आणि मास्तरीणबाई रोज दुपारी जायच्या. पोरीने ओरडणं सोडून दिलं. तिने नवी युक्ती काढली. चौकात गाडी थांबली की ती विचारायची, “काकू, उजवीकडे काय आहे?” आणि काकूंनी सांगायचं, “भिंत. लाल गाडी, उभी आहे. कुत्रं, झोपलंय. एक आजोबा, येतायत, हळू येतायत, येऊ द्या त्यांना.” पहिले काही दिवस तिची मान दुखली. मान शेकताना ती नवऱ्याला म्हणाली, “अहो, तुमच्या बाजूला किती गर्दी असते हो! मला वाटायचं सगळं माझ्याच बाजूला आहे.”

“मग? मी काय फुकट मिशा राखून बसलो होतो?”

दुसरी परीक्षा आली तेव्हा महिना संपायला आला होता. टेम्पोवाला सकाळीच येऊन गेला. “मावशी, नापास झालात तर आधी मला सांगा हं,” असं गोड बोलून गेला. मास्तरीणबाईने व्हॅन परीक्षेच्या मैदानापर्यंत आणली. नवरा मागे बसून आला आणि फाटकाजवळच्या बाकावर जाऊन बसला. “मी इथे आहे हे विसर,” एवढंच म्हणाला.

पेन्सिलसाहेबांनी तिला ओळखलं. “आणली का मान?”

“आणली साहेब. स्वतःचीच.”

मैदानातले वळसे झाले, मागे घेणं झालं, चढ झाला. मग रस्ता. आणि तोच चौक. ती थांबली. डावीकडे पाहिलं: मोकळं. ओठ हलले, आवाज आला नाही. मग मान वळवली. उजवीकडे भाजीची हातगाडी, तिच्यामागे रस्त्याला वळण, वळणामागे काहीच दिसत नव्हतं. ती बघत राहिली. मागच्या रिक्षाने भोंगा वाजवला. मग आणखी एका गाडीने.

“चला की बाई,” साहेब कागदावरून डोळे न उचलता म्हणाले. “मोकळं आहे.”

तिचा पाय क्लचवर होता. अख्ख्या जन्माची सवय त्या पायात होती. पाय उचलला जाऊ पाहत होता.

“नाही साहेब,” ती म्हणाली. “मला दिसत नाहीये अजून.”

मागे भोंग्यांचा कालवा झाला. तिने गाडी तसूभर पुढे घेतली, पुन्हा थांबवली, पुन्हा मान लांबवली. वळणाआडून शाळेची बस आली, समोरून गेली, खिडक्यांतून दोन-तीन हात हलले. मग रस्ता खरोखर रिकामा झाला. ती निघाली.

साहेबांनी पेन्सिल कानावर ठेवली. “हे मी सगळ्यांनाच म्हणतो,” ते म्हणाले. “निम्मे जातात.”

खाली उतरून त्यांनी शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला हाक दिली. मास्तरीणबाई धावत येऊन काकूंच्या गळ्यातच पडली, आणि मग “मला दुसरा क्लास आहे, आता तुमच्या तुम्ही जा! लायसनवाल्या झालात!” म्हणून पळाली.

नवरा बाकावरून उठला होता. तिच्या चालण्यावरूनच त्याला कळलं असावं. त्याने विचारलं नाही. “मेट्रनबाईंना फोन कर,” म्हणाला, आणि व्हॅनकडे चालू लागला.

तो सरळ उजव्या दाराशी गेला. सवयीने. हात बरोबर कडीवर पडला, दार उघडलं, एक पाय पायरीवर चढला. मग तो थबकला. तिने पाहिलं आणि तीही जिथे होती तिथेच थांबली.

त्याने पाय खाली घेतला. दार धरून तो बाजूला सरला, रुग्णालयाचा दरवाजा मोठ्या डॉक्टरांसाठी धरतात तसा. ती चढून बसली. त्याने दार हलकेच लावलं, नीट बसलंय ना ते दाबून पाहिलं.

मग एक तळवा गाडीच्या पत्र्यावर ठेवून तो पुढून वळसा घालू लागला. दिवा, नंबरपाटी, दुसरा दिवा, बोटांनी ओळखत, सावकाश. काचेआडून ती त्याच्याकडे बघत राहिली. ‘इकडे’ म्हणायला तोंड उघडलं होतं, ते तिने मिटलं. डाव्या दाराची कडी त्याला पहिल्यांदा सापडली नाही. दुसऱ्यांदाही नाही. किल्ली हातात धरून, गाडी चालू न करता, ती थांबून राहिली.