तळघरातली तालीम

लंडनमधल्या क्रॉयडनच्या एका विमा कंपनीत पगारपत्रकं तयार करता करता हरीश देवस्थळी यांची अठ्ठावीस वर्षं गेली. एवढ्या काळात त्यांनी कुणाला मोठ्याने हाक मारल्याचं कुणाला आठवत नव्हतं. लिफ्टमध्ये गर्दी दिसली की ते जिन्याने जात. जेवणाच्या सुट्टीत पुस्तक उघडून बसत आणि बऱ्याचदा ते आयकराच्या नियमांचंच असे. इतरांना त्यात झोप येई, हरीशरावांना शब्दांची गंमत सापडे.

कॅन्टीनमध्ये वाढायला सुमनताई होत्या. मूळच्या कोल्हापूरच्या, पन्नाशी ओलांडलेल्या, नवऱ्यामागे एकट्याच राहणाऱ्या. दोन हजार सहाच्या फेब्रुवारीत त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. एप्रिलमध्ये त्या लंगडतच कामावर परतल्या आणि पहिल्याच दिवशी हरीशरावांच्या ताटात बटाटे वाढताना म्हणाल्या, "हरीशभाऊ, खाली तळघरात तालीम हाय न्हवं, तिथं सायकली हायत. मला रोज अर्धा तास बसू देतील का?"

"का हो, काय झालं?"

"फिजिओबाई म्हणती, सायकल मारा, न्हाईतर गुडघा असाच आखडून बसंल. आखडल्या गुडघ्यानं आठ तास इथं कोण उभं राहू देणार? आणि बाहेरची जिम काय माझ्या पगारात बसायची न्हाई."

"तुमच्या कार्डाने दार उघडत नाही?"

"लाल दिवा लागतोय. सुपरवायझर म्हणाली, ते ऑफिसवाल्यांचं. माझा भाऊ लाल मातीत लोळायचा तवा आम्हा पोरींना तालमीच्या उंबऱ्यावर उभं राहू द्यायचे न्हाईत. म्हटलं, इंग्लंडात तरी जमंल!" त्या हसल्या आणि एक बटाटा जास्तीचा वाढला. "तुम्ही वर बसता. घाला की कुणाच्या तरी कानावर."

"घालतो," हरीशराव म्हणाले आणि त्यांची भूकच गेली.

तीन दिवस त्यांनी ते कुणाच्याही कानावर घातलं नाही. मॅनेजरच्या दारापर्यंत दोनदा गेले, दोनदा पाणी पिऊन परत आले. चौथ्या दिवशी सवयीने पुस्तक उघडलं आणि कंपनीने दिलेल्या व्यायामाच्या सोयीवर कर्मचाऱ्यांना टॅक्स लागत नाही, तो नियम काढला. त्यात एक अट होती. ती सोय सगळ्या कर्मचाऱ्यांना खुली हवी.

सगळ्या. त्यांनी ओळ पुन्हा वाचली, मग सुरुवातीपासून वाचली. नंतर एखादी दुरुस्ती झाली असेल म्हणून पुरवणी वाचली. कॅन्टीनच्या बायका कंपनीच्या नसतील तर? पण सुमनताईंची पगारचिठ्ठी ते स्वतःच दर महिन्याला काढत. वर कंपनीचंच नाव असे.

संध्याकाळी ते तळघरात उतरले. जिम सुरू झाल्यापासून सहा वर्षांत तिथे कधी न वापरलेलं कार्ड दाराला लावलं. हिरवा दिवा लागला. आत यतीन ट्रेडमिलवर पळत होता. चार वर्षांपूर्वी पुण्याहून आलेला, पस्तिशीचा, फायनान्सचा मॅनेजर; ज्याच्या दारावरून हरीशराव दोनदा परतले होते, तोच.

"अरे काका! तुम्ही इथे? फायर अलार्म वाजला की काय?"

"नाही, नाही. तू पळ. मी नंतर येतो."

"बोला हो. पळताना ऐकू येतं मला."

पळणारा माणूस आपल्याकडे बघत नाही, हे हरीशरावांच्या लक्षात आलं. त्यांना जरा बरं वाटलं.

"ते... जिमवर आपण कुणाला टॅक्स लावत नाही."

"नाहीच लावत. एक्झेम्प्ट आहे."

"जिम सगळ्यांना खुली असेल, तरच. आपल्या कॅन्टीनच्या बायकांना दार उघडत नाही."

"मग?"

"मग सूट नाही. जे वापरतात त्यांच्या नावावर हा फायदा दाखवून टॅक्स लावावा लागेल. तुझ्या. डायरेक्टरसाहेबांच्याही." त्यांनी हातातलं कार्ड खिशात ठेवलं. "माझं वाचण्यात चुकलंही असेल."

यतीनने लाल बटण दाबलं. पट्टा कुरकुरत थांबला.

"डायरेक्टरच्या नावावर?"

"चुकलंही असेल, म्हटलं ना मी."

"काका, अठ्ठावीस वर्षांत तुम्ही एकदाही चुकला नाहीत, ते नेमके आजच चुकाल? मागचं काय ते मी बघतो, टॅक्स ऑफिसला कळवावंच लागेल. पण दार आधी उघडायला हवं." त्याने टॉवेलने मान पुसली. "हे आजच कसं काय वाचलंत?"

'सहज' हा शब्द हरीशरावांच्या ओठांवर आला होता. तो त्यांनी परतवला.

"सुमनताईंचा गुडघा," ते म्हणाले. "त्यांना सायकल हवी आहे. म्हणून वाचलं."

यतीन ट्रेडमिलवरून खाली उतरला. "दर गुरुवारी मला जादा करी वाढतात त्या," तो म्हणाला, "आणि मी इथे येऊन ती उतरवतो."

पुढच्या आठवड्यात नोटीस लागली. व्यायामकक्ष सर्व कर्मचाऱ्यांसाठी खुला. सोमवारी तीन वाजता कॅन्टीन आवरून सुमनताई पंजाबी ड्रेस आणि नवे कोरे बूट घालून तळघराच्या दाराशी आल्या. हरीशरावांना त्यांनी ओढूनच आणलं होतं. "पुन्हा लाल दिवा लागला तर फजिती बघायला सोबत नको का कुणी?"

दिवा हिरवा लागला. सुमनताईंनी वाकून उंबऱ्याला हात लावला, तो कपाळी नेला आणि आत गेल्या.

सायकलचं पॅडल अर्ध्यावर आलं आणि अडलं. त्यांनी दात आवळले. मागे घेतलं, पुन्हा लावलं. पुन्हा अडलं. चौथ्या वेळेला गुडघा वर आला, थरथरला आणि पॅडल सबंध फिरलं.

"फिरलं!" सुमनताई एवढ्या मोठ्याने ओरडल्या, की पलीकडे वजनं उचलणारा गोरा दचकून वळला. पॅडल आणखी एकदा फिरलं. मग आणखी एकदा. कपाळावरचा घाम पुसत त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही काय राखणीला उभे? ती शेजारची सायकल रिकामीच हाय की."

"मी? मी आपला नुसता..."

"सगळे लिवलंय न्हवं कागदावर? का त्यात तुम्ही न्हाई?"

तो शब्द हरीशरावांनी चाळीस वेळा तरी वाचला असेल. त्यात आपणही असू, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांनी टाय सोडला, घडी घालून खिशात ठेवला आणि सीट आपल्या उंचीची आहे का, ते चाचपून पाहू लागले.