कोंबड्यांच्या गव्हाचा पाव

पूल खचला, त्याच्या तिसऱ्या दिवशी बेकरीवालीने मैद्याचं शेवटचं पोतं उघडलं. मैदा नदीपलीकडून यायचा, आणि पूल दुरुस्त व्हायला सहा महिने लागणार होते. ती तडक दिराच्या गिरणीत गेली. तिथे फक्त कोंबड्यांचं खाद्य दळलं जाई.

"भावोजी, पावासाठी पीठ दळून द्याल?"

"वहिनी, इथला गहू कोंबड्यांचा. पाव फुगायचा नाही."

"नाही फुगला तर नाही. लोकांनी खायचं काय?"

दीर पुटपुटला, पण दोन दिवस गिरणीच्या दगडांना टाकी लावून धार आणत बसला. गहू गावातल्या एका शेतकऱ्याचा, मिशीवाल्या काकांचा. तीस वर्षं ते तो कोंबड्यांसाठीच विकत आले होते.

"माझ्या गव्हाचा पाव? म्हाताऱ्याची चेष्टा करताय होय!" म्हणाले, पण पोती स्वतःच घेऊन आले.

पहिली भट्टी पार बसली. पाव म्हणजे नुसत्या विटा. बेकरीवालीचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात दवाखान्याच्या स्वयंपाकघरातली आचारीणबाई आली. एक पाव तिने टेबलावर ठोकून पाहिला.

"सगळे द्या. सूपमध्ये बुडवायला कडकच बरे. आणि कणीक जरा सैल भिजवा, रात्रभर राहू द्या. घाई कसली?"

मग रोज थोडं थोडं बदलत गेलं. दिराने बारीक चाळणी बसवली. कणीक आदल्या संध्याकाळीच भिजू लागली. चौथ्या आठवड्यात पाव फुगला. मैद्याच्या पावाइतका नाही, पण मऊ, खरपूस.

काकांनी बाकावर बसून तुकडा मोडला आणि बराच वेळ चावत राहिले. मिशीला चुरा लागला होता.

"सहा द्या घरी न्यायला," ते म्हणाले. "माणसांसाठी हां."

पेरणीच्या आधी काकांनी शेजारच्या तिघांना गिरणीत बोलावलं. प्रत्येकाने पावाच्या गव्हासाठी शेताचा एकेक पट्टा राखायचा, असं ठरलं. दवाखान्याने रोजचे चाळीस पाव लावले.

पूल सुरू झाला तसा मैद्याचा ट्रकही आला. बेकरीवालीने दोनच पोती उतरवून घेतली.

"धंदा मंदावला की काय, ताई?" ड्रायव्हरने विचारलं.

"छे! उलट हात पुरत नाहीत," ती म्हणाली आणि आत गेली. भट्टीजवळ दीर आणि आचारीणबाई चाळणीवरून हुज्जत घालत होते.