गांडुळांना एकच बिस्कीट

डोळे मिटा बघू क्षणभर. मिटलेत? आता असं समजा, की तुमच्या स्वयंपाकघरात ओट्याखाली एक लाकडी पेटी आहे आणि तिच्यात ढीगभर गांडुळं राहतात. भाजीची सालं खातात आणि तुम्हाला काळीभोर माती परत देतात. ती ओरडत नाहीत, भांडत नाहीत, कुणाचे मोजे पळवत नाहीत. अशी गुणी मंडळी घरात असली, तर त्यांच्यासाठी तुम्ही काय काय कराल?

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहरात तिसऱ्या मजल्यावर राहणारी यिक्के त्यांच्यासाठी वाटेल ते करायला तयार होती. त्या जानेवारीत तिच्यावर तशी वेळच आली.

झालं काय, की पेटीतून चिलटं निघू लागली. तिळाएवढी, लाल डोळ्यांची. आधी दोन-चार होती, ती ओट्यावरच घुटमळायची. मग फळांच्या परडीत गेली. मग एका सकाळी यिक्केच्या बाबांनी लोणी लावलेल्या पावावर चॉकलेटचे दाणे पेरले आणि त्यातला एक दाणा उडाला.

"हिल्के," बाबा बायकोला म्हणाले, "माझा नाश्ता निघाला बघ."

आई हसली नाही. "रविवारी माझा वाढदिवस आहे. सगळे येणार. आल्केसुद्धा येणार." आल्के म्हणजे आईची थोरली बहीण. तिच्या घरी जायचं तर धूळसुद्धा दारात बूट काढत असेल. "यिक्के, माझ्या केकवर एक जरी चिलट बसलं ना, तर ती पेटी बाहेर गॅलरीत जाईल."

"आई, बाहेर कालवे गोठलेत! मरतील गं ती!"

"मग त्यांना सांग, घरात चिलटं बोलावू नका म्हणावं."

यिक्के त्याच दिवशी कामाला लागली. एका वाटीत व्हिनेगर घेतलं, त्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकला. व्हिनेगरच्या वासाने चिलटं येतात आणि साबणामुळे त्यांना पाण्यावर उभं राहता येत नाही, बुडतात. संध्याकाळी वाटीत मिरपूड सांडल्यासारखा थर होता. सकाळी बघते, तर तितकीच नवी चिलटं वाटीच्या काठावर बसून आत डोकावत होती.

तेव्हा तिने मुळाशीच घाव घालायचं ठरवलं. चिलटं काही गांडुळांपासून होत नाहीत. गांडुळं हळू जेवतात. जास्त वाढलं, की खाणं वर पडून सडतं आणि चिलटं नेमकी तिथे अंडी घालतात. म्हणून यिक्केने वाढणंच बंद केलं. बुधवारपासून पेटीत एक सालही टाकलं नाही. गांडुळांना उपाशी ठेवणं तिच्या जिवावर आलं होतं, पण गॅलरीत गोठण्यापेक्षा ते बरं.

शनिवारी चिलटं दुप्पट झाली.

"असं कसं होईल बाबा? पेटी उपाशी आहे आणि चिलटं वाढतायत!"

"विज्ञानात असं होतं कधी कधी," बाबा म्हणाले आणि उगाचच छताकडे बघू लागले.

आजी, म्हणजे ओमा, मदतीला म्हणून चार दिवस आधीच राहायला आली होती. ती म्हणाली, "आणि उपाशी कशाला असतील गं? काहीतरी मिळत असेल त्यांना. देव आहे."

रविवारी बैठकीच्या खोलीत खुर्च्या गोल मांडल्या. एकेक जण आला आणि रीतीप्रमाणे प्रत्येकाने प्रत्येकाचं अभिनंदन केलं. आईचं तर केलंच. बायकोचा वाढदिवस म्हणून बाबांचं, लेकीचा म्हणून ओमाचं, आईचा म्हणून यिक्केचं. शेजारचे हारम काका गडबडीत पुन्हा ओमाकडे वळले आणि त्यांनी तिचं दुसऱ्यांदा अभिनंदन केलं. "घेते," ओमा म्हणाली, "या वयात कशालाच नको म्हणू नये." मग सगळे मांडीवर बशा घेऊन गोलात बसले. आईने कॉफीबरोबर बिस्किटांचा डबा एकदा फिरवला, प्रत्येकाने एकेक उचललं आणि डबा बंद झाला.

यिक्के स्वयंपाकघराच्या बंद दाराला पाठ लावून उभी होती, सीमेवरच्या शिपायासारखी. पण दाराखालच्या फटीचं काय?

ओमाला तिचं आवडतं अंड्याचं दारूमिश्रित कस्टर्ड दिलं होतं, छोट्या पेल्यात, वर साय घालून. पिवळंधमक, गोड, घट्ट. चिलटांना आणखी काय हवं!

"आई, तुझ्या पेल्यात काहीतरी पोहतंय," आल्के मावशी ओमाला म्हणाली.

"पोहू दे. येतंय त्याला."

"दोन आहेत!"

"मग सोबत झाली."

तेवढ्यात तिसरं आलं. त्याने गोलाला एक फेरी मारली, जणू तेही सगळ्यांचं अभिनंदन करत होतं, आणि शेवटी आईच्या केकवर येऊन टेकलं.

"यिक्के," आई म्हणाली. बस, एवढंच. बाबा उठले आणि पेटी उचलायला आत गेले.

यिक्के त्यांच्या मागे धावली. तिने पेटीचं दुसरं टोक धरलं आणि बाबा गॅलरीकडे ओढत असताना पेटी ओढत ओढत थेट गोलाच्या मध्ये आणली. "मी बुधवारपासून काही घातलेलं नाही! हवं तर बघा!" असं म्हणून तिने झाकण उघडलं.

आतून चिलटांचा ढग उठला. आल्के मावशीने केकवर हात धरला. ढग विरला, तसे सगळे पेटीत वाकून बघू लागले. वरच पडलं होतं, लाल शिजवलेलं अर्धं नाशपती. शेजारी कॉफीचा चोथा, त्याच्या कागदासकट. बटाट्याच्या सालांची रास. आणि संत्र्याचं एक लांबलचक साल, कुठेही न तुटलेलं, गोल गोल वळलेलं.

"नाशपती कुणाचं?" यिक्केने विचारलं. आवाज थेट पोलिसाचा.

"डब्याच्या तळाशी अर्धंच उरलं होतं," ओमा पेल्यात बघत म्हणाली. "ते का टाकून देतात? आमच्या लहानपणी..."

"ओमा, ती गोष्ट नंतर. चोथा?"

"एकच वेळ," बाबा म्हणाले. "रोज."

"बटाटे?"

हारम काकांनी घसा खाकरला. कुंड्यांना पाणी घालायला त्यांच्याकडे या घराची किल्ली असे. "आमच्याकडे पेटी नाही ना गं पोरी. कचऱ्यात टाकायचं म्हणजे पाप वाटतं."

"कमाल आहे तुमची सगळ्यांची!" आल्के मावशी हसू लागली. पण बाकी कुणी हसेना. सगळे त्या न तुटलेल्या सालाकडे बघत होते, आणि मग आईकडे. असं सलग साल अख्ख्या घरात एकटी आईच काढत असे.

आईचे कान लाल झाले. "कचऱ्यापाशी गेले होते मी. हातच धजेना."

आल्के मावशीचं हसू थांबलं. तिने कागदी रुमालात गुंडाळलेली केकची कड हळूच मांडीखाली सरकवली. "मी नुसतं विचारणार होते, हे कुठे टाकू म्हणून."

यिक्के पेटीला टेकून बसली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज पक्का होता. "आई, तू पाहुण्यांना कॉफीबरोबर किती बिस्किटं देतेस?"

"एक."

"आणि मग?"

"मग काय? मग डबा बंद."

"मग माझ्या गांडुळांना तुम्ही सगळ्यांनी मिळून का वाढलंत? कुणाला वाटलं नाही, आधी कुणीतरी वाढलं असेल? त्यांना संपत नाही, म्हणून चिलटं जेवतात. आणि थंडीत बाहेर कोण जाणार, तर गांडुळं!"

ओमाने चमच्याने एक चिलट पेल्याबाहेर काढलं.

"पोरीचं बरोबर आहे, हिल्के," हारम काका म्हणाले.

आईने गॅलरीच्या काचेकडे पाहिलं. काचेवर बर्फाची नक्षी उमटली होती. "बरं, पेटी आतच राहील," ती म्हणाली. "पण आमच्यावर लक्ष कोण ठेवणार? मला माझाच भरवसा नाही."

यिक्केने डोळे पुसले. वरवरचं सगळं सडकं तिने बादलीत काढलं, कोरड्या पुठ्ठ्याचे तुकडे फाडून त्यांचा जाड थर पसरला आणि झाकण लावलं. मग ती तिन्ही मजले उतरून खाली गेली, आपल्या सायकलची जाडजूड साखळी घेऊन वर आली, ती पेटीभोवती दोनदा गुंडाळली, खट्कन कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात घातली.