पारा उतरवणारे शीतलबाबा

इस्त्रीखान्याच्या अंगणात सकाळीच पाय ठेवायला जागा नव्हती. इस्त्री करणाऱ्या बायका, हमाल, गाडीवाले, शिवाय कपड्यांशी काही देणंघेणं नसलेले रस्त्यावरचे लोकही. मधोमध टेबल, त्यावर काचेचा लांब थर्मामीटर आणि मागे शीतलबाबा. ऊन हा मनाचा खेळ आहे, असं बाबा सांगत होते. त्यांच्यावर छत्री धरायला मात्र दोन माणसं होती. बहुधा ती छत्री मनावर धरली असावी.

हवामान खात्याने इशारा दिला होता : उद्यापासून उष्णतेची लाट, दुपारी कोंदट जागी काम करू नका. मालकांच्या अंगावर चादरींचं मोठं काम होतं. पंखे बसवण्यापेक्षा बाबा बसवणं स्वस्त, म्हणून त्यांनी बाबा बसवले.

"जग तापतंय म्हणे!" मुकादम ओरडला. "चुलीवर ठेवलंय काय?"

लोक खो खो हसले.

"मागे वादळ येणार म्हणाले. पान तरी हललं का?" एक गाडीवाला म्हणाला.

"आमच्या लहानपणी काय बर्फ पडायचा? ऊन तेव्हाही होतंच!" दुसऱ्याने री ओढली.

मी भिंतीशी उभा होतो. माझी बायको इथेच काम करायची. मागच्या उन्हाळ्यात असाच इशारा आला, अशीच थट्टा झाली आणि ती भर दुपारी वाफेत इस्त्री करताना कोसळली. घरी परत आली नाही. तिची धाकटी बहीण आता तिच्याच टेबलाशी उभी राहते. तिला उद्या थांबवायला मी आलो होतो.

"भाऊजी, बाबा काय करतात ते बघा तरी," धाकटी म्हणाली. "ताईचं नशीबच खोटं होतं."

"नशिबाला ताप चढतो का गं?"

ती बाबांकडे वळली.

"विज्ञान आकडा सांगतं," बाबा गरजले, "मी आकडा उतरवतो!" थर्मामीटर बेचाळीसवर होता. बाबांनी त्याच्या टोकाला कापडाची पट्टी गुंडाळली, मंतरलेलं पाणी शिंपडलं आणि हातपंख्याने वारा घालत म्हटलं, "उतर, ज्वाळे, उतर!"

पारा उतरला. भराभर उतरला, पार पंचविसाखाली. बायकांचे हात जोडले गेले. मुकादमाला हुंदका आला. मालकांनी उद्या दुपारची पाळी तिथेच जाहीर केली.

"बाबा, हेच आत करून दाखवता?" गर्दीतून आवाज आला. पलीकडच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई. माझ्या बायकोला शेवटी त्यांच्याकडेच नेलं होतं.

"आत कशाला?"

"बायका आत काम करतात, अंगणात नाही."

"आत लहरी जुळत नाहीत."

"असं काय बाबा," धाकटी भक्तिभावाने म्हणाली, "चला ना, माझ्याच टेबलाशी करा."

भक्तच मागे लागल्यावर बाबा काय करणार? आत गेले. चादरींवर धूळ बसते म्हणून खिडक्या कायम बंद, खोलीभर वाफ. तीच पट्टी, तेच पाणी, तोच पंखा. "उतर, ज्वाळे, उतर!" ज्वाळा काही उतरेना. पारा जागचा हलेना. बाबाच घामाने निथळले.

"आधी तुमचीच ज्वाळा उतरवा!" कुणीतरी म्हणालं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मंत्र तोच, मग अडलं कुठे? बाहेर हवा कोरडी आहे. ओलं कापड वाळताना गार होतं, म्हणून पारा उतरला. अंगणातलं ऊन तसूभर कमी झालं नव्हतं. इथे हवेत वाफच वाफ, कापड वाळणार कसं? आपला घामही तसाच. वाळला तर अंग गार राहतं. नाही वाळला तर ताप चढतच जातो आणि माणूस पडतं." मग त्या धाकटीकडे वळल्या. "तुझ्या ताईचं हेच झालं. नशीब नाही, ही खोली."

"आणि तुमचे अंदाज चुकतात ते?" मुकादम म्हणाला.

"चुकतात कधीकधी. उद्याचा आकडा थोडा कमीजास्त होईल. पण जगाचं तापमान वाढतंय, हे ठिकठिकाणी मोजून झालंय. तुम्ही न मानल्याने ते उतरत नाही."

बाबा लहरी शोधत आपल्या गाडीत जाऊन बसले. गाडी एसीची होती.

धाकटीने इस्त्री बंद केली. "भाऊजी, दुपारी मी नाही यायची." तिच्यामागे एकेक इस्त्री बंद होत गेली. मालकांनी चडफडत काम पहाटेला नेलं, खिडक्या उघडल्या, वाफ बाहेर फेकणारे पंखे बसवले.

लाट आली, रस्ते भाजून काढून गेली. इस्त्रीखान्यात कुणी पडलं नाही.

"बघा!" मुकादम छाती काढून म्हणाला. "काय झालं? काही नाही! उगाच घाबरवतात लेकाचे."

लोकहो, शंका जरूर घ्या. पण मोजणाऱ्यावर घेता तशी मंतरणाऱ्यावरही घ्या. आणि इशारा पाळल्यावर काही झालं नाही, तर इशाऱ्याला खोटं म्हणू नका. तो त्यासाठीच होता. "काही झालं नाही" एवढंच मला मागच्या उन्हाळ्यात म्हणता आलं असतं, तर मुकादमाची थट्टा मी जन्मभर हसत ऐकली असती.