आतली कडी

रॅग्ड कोव्ह या समुद्रकाठच्या वस्तीत दार कुणी ठोठावत नाही. माणूस येतं, बूट काढतं आणि चुलीपाशी टेकल्यावर बोलायला लागतं. ठोठावतात ते परके. नाहीतर ख्रिसमसला तोंडं झाकून सोंगं घेणारे, आणि तेही आपण परके आहोत असं भासवायचं असतं म्हणून.

म्हणूनच जुलैत पाठीमागे दार उघडलं, तेव्हा मार्नीने मान वर न करताच म्हटलं, "बस, चहा टाकते." उत्तर आलं नाही, कॅमेऱ्याचा आवाज आला. हिमनग बघायला आलेली एक बाई पाळण्यातल्या मार्नीच्या लेकीचा, टेसाचा फोटो काढत होती. "अगंबाई, इथं राहतं का कुणी? मला वाटलं, संग्रहालय आहे!"

त्याच संध्याकाळी मार्नीने दाराला आतून कडी बसवली. नवरा ट्रेंट तिकडे अल्बर्टात, तेलाच्या कामावर. घरात ती आणि नुकती रांगायला लागलेली पोर. कडी सरकवली की जरा झोप लागायची.

मग हिमनग वितळले, पाहुणे गेले. उन्हाळ्यापुरती घेतलेली घरं फळ्या ठोकून बंद झाली. धूर आता दोनच धुराड्यांतून निघायचा, एक तिच्या आणि एक खालच्या अंगाच्या एफीमावशीच्या. कडी मात्र राहिली, आता दिवसाही लागलेली. हाताला सवयच लागली होती.

रोज येणारी मावशी येईनाशी झाली. मार्नी सकाळी उठून आधी खिडकीतून तिचा धूर बघायची. आहे, म्हणजे बरी आहे. मग का येत नाही? टेसाच्या रडण्याला कंटाळली? आपण काही बोललो का? जाऊन विचारावं तर टेसाला खोकला, बाहेर वारा. आज नको, उद्या, असं करता करता ऑक्टोबर निम्मा सरला. आणि एका सकाळी मावशीच्या कुंपणावर पाटी दिसली: घर विकले गेले आहे.

टेसाला कोटात गुंडाळून ती धावत उतरली आणि थेट आत शिरली. मावशी कपबशा कागदात बांधत होती.

"या! मला वाटलं, शिकल्यासवरल्या लोकांकडे आता वेळ घेऊन भेटायचं असतं."

"मावशी, हे काय चाललंय? मला एका शब्दाने सांगितलं नाहीस?"

"सांगायलाच आले होते, टोरंटोचं जोडपं घर मागतंय म्हणून. ताजा पाव होता हातात. दाराची मूठ फिरवली, तर आतून कडी. दुसऱ्यांदा आले, तरी कडी."

"मग ठोठावायचं ना गं!"

मावशीच्या हातातली बशी तशीच राहिली. "मी? तुझ्या दारावर?"

"कडी त्या फोटोवाल्यांसाठी होती, मावशी. टेसासाठी."

"असेल. मला वाटलं, पोरीला आता कुणी नको असेल." तिने बशी कागदात गुंडाळली. "रस्त्याकडेचा माझा बटाट्याचा वाफा गाड्या लावायला गेला. दलदलीतली बेरीची झुडपं पाहुण्यांनी तुडवून नुसता चिखल केला. तेवढ्यावरून मी हलले नसते, पोरी. पण हिवाळ्यात जाऊन बसायला माणसाला एक तरी दार लागतं. माझी लेक कधीची बोलावतेय, तिकडे शहरात, कॉर्नर ब्रुकला. सही करून टाकली."

"मोड ना तो सौदा."

"मोडत नसतो." मग टेसाकडे हात पसरून, "दे तिला इकडे. बघ कशी बघतेय, ही म्हातारी कोण म्हणून!"

घरी येताच मार्नीने कडी स्क्रूसकट उपटून खिडकीत ठेवली. दुसऱ्या दिवशी न ठोठावता दार उघडलं. मावशीने बूट काढले, चुलीपाशी टेकली, मग म्हणाली, "चहा पाणचट आहे." दोघी हसल्या. शनिवारपर्यंत ती रोज येत राहिली. शनिवारी जावई गाडी घेऊन आला.

रविवारी मार्नीने सवयीने खिडकीतून खाली पाहिलं. मावशीचं धुराडं थंड होतं. बर्फ भुरभुरत होतं, आणि गाड्यांसाठी पसरलेली नवी खडी पांढरी होत चालली होती. तिचा स्वतःचा धूर सरळ वर जात होता, बघायला कुणी नव्हतं.

टेसा झोपल्यावर तिने स्क्रू गोळा केले आणि कडी पुन्हा जुन्या भोकांवर धरली. आता दाराशी जे कुणी येईल, ते ठोठावणारंच असेल.