हाताची चव

फुंकरमहाराजांनी ताटावर फुंकर मारली, की बनवणाऱ्याचं पाप-पुण्य खाणाऱ्याच्या जिभेला कळतं, असा बोलबाला होता. त्या दिवशी रेस्टॉरंटमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. लोक खुर्च्यांवर चढले होते. परीक्षकांच्या टेबलाच्या मधोमध महाराज बसले होते आणि त्यांच्या दाढीत सकाळचा नाश्ता अजून अडकलेला होता. मी दातांची डॉक्टर. परीक्षक म्हणून बोलावलं म्हणून आले आणि आल्याआल्या पस्तावले.

स्पर्धा मुख्य आचारी निवडायची होती. शेवटी दोघंच उरले: मालकाचा भाचा, आणि त्याच स्वयंपाकघरात भांडी घासण्यापासून वर आलेली एक बाई. तिला सगळे ताई म्हणत. तिचा नवरा गेल्या वर्षी वारला. सासू आणि दोन मुली तिच्याच पगारावर. हरणाऱ्याने दुसरीकडे काम बघावं, हे मालकाने आधीच सांगून ठेवलं होतं.

दोघांनी सफरचंदाचा केक केला होता. भाच्याचा आधी आला. कडेला करपलेला, पण गोड.

मग महाराज म्हणाले, "आता तोंड शुद्ध करा, बाळांनो. मंतरलेलं पाणी आहे. नीट खळखळवून गिळा. लबाडी नको, पाणी बघतंय."

पाणी हिरवट आणि कडवट होतं. आम्ही ते गिळलं, आणि महाराजांनी ताईच्या केकवर फुंकर मारली. थुंकीचे दोन शिंतोडे उडालेले मी डोळ्यांनी पाहिले. ती बाजू सोडून मी तुकडा तोडला. केक ओल्या पुठ्ठ्यासारखा लागला. गोडाचा पत्ता नाही. बाकीच्या परीक्षकांचीही तोंडं वाकडी झाली.

"हाताची चव गेली," महाराज डोळे मिटून म्हणाले. "ज्या हाताने नवरा गिळला, त्या हाताला गोडवा कुठून येणार?"

मला शिसारी आली. त्याहून जास्त आली ती माना डोलावणाऱ्यांची. ताईच्या हातचं खायला लोक यायचे म्हणून ज्याचा गल्ला भरायचा, तो मालकही "खरंय, खरंय" करत होता. ताई ॲप्रनची गाठ सोडू लागली.

"तुम्ही स्वतः चाखलात का केक?" मी तिला विचारलं.

"नाही, डॉक्टरबाई. चाखलं तर उष्टं होतं, असं महाराज म्हणाले." तिने मान वर केली नाही. "गेली असेल चव. माणूसच गेला."

चाखून चाखून स्वयंपाक शिकलेल्या बाईला 'उष्टं' या एका शब्दाने लुळं करून टाकलं होतं. मी रागाने कॉफीच्या साखरेचा खडा तोंडात टाकला. रेती. दुसरा टाकला. तीही रेती.

"महाराज, साखर कारखान्यातही कुणाचा नवरा वारलाय का?"

मी गर्दीत उभ्या असलेल्या ताईच्या सासूबाईंना पुढे बोलावलं. त्यांनी ते पाणी घेतलं नव्हतं. त्यांनी केक खाल्ला आणि म्हणाल्या, "नेहमीसारखाच तर झालाय. गोड आहे की."

मग मी परीक्षकांना भाच्याचा उरलेला केक पुन्हा खायला लावला. त्यांची तोंडं पुन्हा वाकडी झाली.

गुडमार नावाची एक वेल असते. तिच्या पानांचा रस जिभेवर फिरला, की काही वेळ गोड कळतच नाही. मधुमेहाचं औषध म्हणून तिची पावडर दुकानात मिळते. ही पावडर पाण्यात कालवून आम्हाला पाजली होती, आणि तीही भाच्याचा केक खाऊन झाल्यावर. मी हे सांगितलं तेव्हा भाचा घामाने निथळत होता.

"तर्काने देव कळत नाही," महाराज गुरगुरले.

"देव राहू द्या, केकचं बोला. हे पाणी तुम्ही प्या आणि मग साखर खाऊन दाखवा."

महाराजांची ध्यानाची वेळ झाली. ते मागच्या दाराने, कचऱ्याच्या पिंपांमधून वाट काढत गेले.

ताई मुख्य आचारी झाली. पण मघाशी माना डोलावणाऱ्यांपैकी एकानेही तिची माफी मागितली नाही. "पाणी वाईट होतं, महाराज चांगले आहेत," असं मालक अजून सांगतो.

जीभ फसवता येते, डोळे फसवता येतात, म्हणून तर पडताळून बघायचं असतं. पाणी कसलं, ते गिळण्याआधी विचारा. आणि नवरा वारल्याचं पाप बाईच्या हातात शोधणाऱ्याला काही विचारत बसू नका. त्याला दार दाखवा.